ग्वारीघाट आणि छोटी लाइन

गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ज्यांनी वाचली आहे, त्यांच्या मनात नर्मदेचे काठ कायमचे घर करून बसलेले असतात. त्या काठांपैकी ग्वारीघाट हा जबलपूर शहराच्या दक्षिण अंगाला येतो. कुणी त्याला गौरीघाट म्हणतात. परिक्रमेला निघालेली मराठी माणसे तेथे टेकतात. पलीकडच्या तीरावर गुरुद्वारा आहे, तिकडे नावा जातात. आणि संध्याकाळी आरतीच्या वेळी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही.

आज नर्मदेच्या माहात्म्याविषयी बोलण्याचा माझा विचार नाही. त्या पायऱ्यांच्या कडेला जी माणसे बसतात, त्यांच्याकडे मला श्रोत्यांचे लक्ष वेधायचे आहे. पानांचा एक द्रोण, त्यात छोटासा दिवा, चार फुलांच्या पाकळ्या, एवढा ज्यांचा माल, अशा बाया तेथे ओळीने बसलेल्या असतात. त्यांच्या शेजारी नारळवाला, फुटाणेवाला, चहावाला. खाली पाण्यात नावाडी, वर न्हावी आणि पंडे. अमावास्या-पौर्णिमेला हा बाजार वाढतो, आणि माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे नर्मदाजयंतीला, तो घाटाच्या बाहेर रस्त्यापर्यंत जातो. या माणसांना धंदा कसा करावा हे कोणत्याही शाळेत शिकविलेले नाही. गिऱ्हाईक आपल्या पायांनी येते, माल त्याच दिवशी खपतो, आणि न खपला तर बुडते ते फार थोडे. एवढ्या तीन गोष्टी जेथे जुळून येतात तेथे मनुष्य धंद्याला हात घालतो, असा माझा समज आहे.

हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी याच टापूतला एक मोठा धंदा मी घेणार आहे. मोठा म्हणताना त्यात गुंतलेल्या माणसांची संख्या डोळ्यांपुढे आहे. त्यातला प्रत्येक घटक मात्र सुपाएवढाच होता. मी विडीच्या धंद्याविषयी बोलत आहे. पण विडीपर्यंत येण्यापूर्वी वाटेविषयी बोलले पाहिजे.

जबलपूरचा मुलूख १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याच्या गोंड राजांकडून घेतला, १७९८ साली तो पेशव्यांनी नागपूरकर भोसल्यांना दिला, आणि १८१७ च्या अखेरीस तो इंग्रजांच्या हाती गेला. राज्ये बदलली तरी वाट तीच राहिली. नागपुराहून निघालेली वाट सातपुडा चढून उतरून जबलपूरजवळ नर्मदा ओलांडी, आणि पुढे गंगेवरच्या मिर्झापुरास जाई. वऱ्हाडचा कापूस याच दिशेने बैलांच्या पाठीवरून जात असे. अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने १८४२ साली एक लक्ष बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे रवाना केला, अशी गॅझेटिअरात नोंद आहे. एक लक्ष बैल! त्यांच्याबरोबरचे लमाण, त्यांचे मुक्काम, वैरण, दोर, गोण्या, नाल, उतारावरच्या नावा, एवढ्या सगळ्यांची गरज भागवता भागवता वाटेवरच्या गावांत किती हात कामाला लागले असतील, याची कल्पनाच करावी.

आगगाडीने हे सारे मिटविले. अलाहाबादेकडून ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ साली जबलपुरास पोहोचली, मुंबईकडून जी. आय. पी. रेल्वे १८७० च्या मार्चमध्ये तेथे येऊन मिळाली, आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास प्रथमच लोहमार्गाने सलग झाला. त्या जोडणीच्या समारंभाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होते. जबलपूर रातोरात दोन मोठ्या मार्गांचा सांधा झाले. लमाणांचे तांडे मात्र पुढच्या एका पिढीत दिसेनासे झाले. एका वाटेने जे धंदे उभे केले ते दुसऱ्या वाटेने मोडले, ही गोष्ट पुढेही येणार आहे.

येथे एक प्रयोग सांगितल्यावाचून राहवत नाही. कर्नल स्लीमनने ठगांचा बंदोबस्त केला हे सर्वश्रुत आहे. पकडलेल्या ठगांपैकी जे माफीचे साक्षीदार झाले, त्यांचे आणि त्यांच्या मुलाबाळांचे पुढे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १८३७ च्या सुमारास जबलपुरास एक उद्योगशाळा काढण्यात आली. तेथे तंबू आणि गालिचे तयार होऊ लागले, आणि त्यांच्या कामाचा लौकिक दूरवर गेला. माल उत्तम, कारागीर तयार, सरकारचा आश्रय. तरीसुद्धा त्या शाळेतून गावात तंबूवाल्यांची आणि गालिचेवाल्यांची पेठ उभी राहिली नाही. याचे कारण मला असे दिसते की, त्या शाळेतील कारागीर मोकळा नव्हता, आणि त्याचे गिऱ्हाईकही त्याने शोधलेले नव्हते. हात तयार झाले, पण ते हात भिंतीच्या आत राहिले.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा गोकुळदासांची कापडगिरणी निघाली, बर्न कंपनीचा मातीच्या भांड्यांचा व कौलांचा कारखाना निघाला, १९०४ साली तोफांचे गाडे बनविणारा सरकारी कारखाना आला. या सर्वांनी जबलपूरला कारखान्यांचे गाव केले. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे थांबत नाही.

माझे लक्ष वेधले आहे ते एका लहान रेल्वेने. बंगाल-नागपूर रेल्वेने सातपुड्याच्या डोंगरांतून अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग घातला. गोंदियाहून निघालेला हा मार्ग १९०३ साली नैनपुरास आला आणि १९०५ साली जबलपुरास पोहोचला. नर्मदा ओलांडून तो ग्वारीघाट स्थानकावरून शहरात शिरे आणि हाऊबाग येथे संपे. लोक त्याला ‘छोटी लाइन’ म्हणत. गाडी इतकी संथ की, तिच्या गतीवर त्या भागात विनोद चालत. पण या संथ गाडीने एक काम केले. मोठ्या लोहमार्गाने मुंबई-कलकत्ता जोडले होते. छोट्या लाइनीने जंगल आणि पेठ जोडली. बालाघाट, मंडला, शिवनी या जिल्ह्यांतली जी खेडी आजवर पावसाळ्यात जगापासून तुटत, त्यांना एका टोकाला जबलपूर आणि दुसऱ्या टोकाला गोंदिया मिळाले. गोंदियापासून पुढे भंडारा, तुमसर, कामठी, नागपूर, म्हणजे आपला मराठी मुलूखच.

त्या जंगलात काय होते? साग होता, साल होता, बांबू होता. त्यांच्याकडे सरकारचे आणि ठेकेदारांचे लक्ष आधीपासून होते. त्याशिवाय एक झाड होते, त्याला आपण टेंभुर्णी म्हणतो, तिकडे तेंदू म्हणतात. त्याची पिवळी फळे पोरे खात, आणि लाकूड जळणाला जाई. पानाला कोणी विचारीत नसे.

विडी ही गुजरातेत आधीपासून होती. गुजरातेतून या प्रांतात आलेले मोहनलाल पटेल आणि हरगोविंददास पटेल यांनी १९०२ च्या सुमारास जबलपुरास विडीचा धंदा मांडला, असे सांगितले जाते. त्यांच्या नावाची पेढी पुढे या धंद्यात अग्रगण्य झाली. या मंडळींच्या ध्यानात असे आले की, तेंदूचे पान या कामासाठी जणू घडविलेले आहे. ते पुरेसे रुंद असते. वाळवून महिनोन् महिने ठेवता येते. वापरण्यापूर्वी भिजविले की पुन्हा लवचीक होते. वळताना चिरत नाही आणि बेताने जळते. शिवाय त्याची तोडणी उन्हाळ्यात, एप्रिल ते जून या काळात होते. शेतीचे काम त्या वेळी बंद असते, घरातले दाणे संपत आलेले असतात आणि पाऊस अजून लांब असतो. वर्षातल्या नेमक्या त्या रिकाम्या आणि भुकेल्या महिन्यांत जंगलातून पैसा येऊ लागला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ याच प्रांताने नुकतेच भोगले होते, हे विसरून चालणार नाही. ज्याने तो काळ पाहिला होता, त्याला पानांच्या पुड्यामागे मिळणारे चार पैसे क्षुल्लक वाटले नसतील.

धंद्याची मांडणीही मोठी विलक्षण होती. हिवाळा संपता संपता झाडांची छाटणी करावयाची, म्हणजे नवी कोवळी पालवी फुटते. पाने तोडून त्यांचे पुडे बांधावयाचे, ते फडावर उन्हात सुकवावयाचे, आणि पोत्यांत भरून गाडीवर चढवावयाचे. पोत्याचे मापही प्रांताप्रांतांत निराळे: मध्यप्रदेशात पन्नास पानांचा पुडा आणि हजार पुड्यांचे पोते, महाराष्ट्रात पुडा सत्तर पानांचा. तंबाखू गुजरातेतून आणि निपाणीकडून येई. कारखानदार पाने, तंबाखू आणि सूत ठेकेदाराला मोजून देई. त्या ठेकेदाराला तिकडे सट्टेदार म्हणतात. सट्टेदार तो माल घरोघर वाटी. घरातली बाई मांडीवर सूप घेऊन बसे; पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने पान कापी, चिमूटभर तंबाखू घाली, वळी, तोंड मुडपी आणि दोरा बांधी. हजार विड्यांचा हिशेब होई. त्यातून वाईट ठरलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जात आणि त्यांची मजुरी मिळत नसे.

या धंद्याला लागणारी हत्यारे म्हणजे सूप, कात्री आणि एक फर्मा. यंत्र नाही, इमारत नाही. ज्याच्याजवळ थोडेसे भांडवल आणि दुकानदारांशी ओळख आहे, तो सट्टेदार होऊ शके. सट्टेदारीत चार पैसे सुटले की तो स्वतःची छाप काढी. लिहिता-वाचता न येणारे गिऱ्हाईक चित्र ओळखून बंडल मागे, म्हणून छाप ही या धंद्यातली खरी मालमत्ता ठरली. पुढे स्वदेशीच्या चळवळीत परदेशी सिगारेट टाकून देणाऱ्यांनी विडी उचलली, आणि मागणी शहरांतही वाढली. सागर, दमोह, जबलपूर, गोंदिया, भंडारा, तुमसर, कामठी अशी ही माळ तयार झाली. गोंदियाचे मनोहरभाई पटेल हे याच धंद्यातून वर आले आणि त्यांच्या पुढाकाराने १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था निघाली.

केवळ छोट्या लाइनीमुळे हे घडले असे मी म्हणणार नाही. सागर-दमोहला ती लाइन कधीच नव्हती. तेथून बीना-कटनी हा मोठा मार्ग जातो, आणि विडी तेथेही तितकीच रुजली. उलट मंडल्याला लाइन १९०९ साली गेली, पान मुबलक होते, पण कारखानदारीत मंडला मागेच राहिला. तेव्हा वाट पाहिजे, पान पाहिजे, आणि त्याबरोबर दाट वस्तीची, रिकाम्या हातांची गावेही पाहिजेत. विणकराचा माग बंद पडत चाललेला असेल तर फारच बरे, असे कारखानदार म्हणत नसेल, पण घडले तसेच. आमच्याकडे कामठीत, सिन्नरला, सोलापुरात विडी ज्या वस्त्यांत शिरली, त्यांतल्या कित्येक वस्त्या मागावर जगलेल्या होत्या.

या धंद्याचा न्यायालयांशी जो संबंध आला, तो मला या सर्व इतिहासातला सर्वांत बोलका भाग वाटतो. पहिला खटला १९४९ सालचा, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढचा. जबलपूरच्या मोहनलाल हरगोविंद पेढीने जंगलातील तेंदूची पाने तोडण्याचे हक्क विकत घेतले होते. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे असे की, हा भांडवली खर्च आहे, तो नफ्यातून वजा करता येणार नाही. कौन्सिलने निकाल दिला की, पेढीला जमिनीत कसलाही हक्क मिळालेला नाही; तिने फक्त कच्चा माल मिळविला आहे, म्हणून हा चालू खर्च होय. ज्या पानाला पन्नास वर्षांपूर्वी कोणी विचारीत नव्हते, त्या पानाचा न्याय लंडनला झाला, आणि प्राप्तिकराचा अभ्यास करणारे विद्यार्थी तो अजून वाचतात.

दुसरा खटला अधिक जवळचा आहे. त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. तेथील कायदेमंडळाने १९४८ साली असा कायदा केला की, शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विडी वळण्यास बंदी करण्याचा अधिकार डेप्युटी कमिशनरला असावा. हेतू उघड होता. धान्याचा तुटवडा होता, आणि मजूर विड्या वळीत घरी बसल्यामुळे शेतावर हात मिळत नाहीत, अशी ओरड होती. १९५० च्या जूनमध्ये सागरच्या डेप्युटी कमिशनरने तशी बंदी घातली. त्याविरुद्ध चिंतामणराव नावाचे एक विडी कारखानदार आणि एक विडी कामगार नव्या सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना अमलात येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. नोव्हेंबरात निकाल लागला: बंदी अवाजवी आहे, कायदा रद्द. न्यायमूर्ती महाजनांनी दाखवून दिले की, या कायद्याने शेतात जाऊ न शकणारे अपंग, मुले, म्हाताऱ्या बाया, किरकोळ दुकानदार यांचेही हात बांधले जातात. त्यांना घरी बसवून शेतीला एक माणूस मिळणार नाही.

धंद्याच्या स्वातंत्र्याविषयीचा हा निर्णय आजही आधार म्हणून दाखविला जातो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शेतमालकाला मजूर मिळेनासा झाला होता, याचा अर्थ असा की, भूमिहीन माणसाला जमीनमालकाखेरीज दुसरे दार उघडले होते. ते दार लहान होते, आतली हवा तंबाखूच्या धुळीने भरलेली होती, पण ते होते, आणि ते बंद करण्यासाठी सरकारला कायदा करावा लागला.

आता तिसरा खटला. हाही सागरचाच, १९५८ सालचा, आणि अर्जदाराचे नाव पुन्हा चिंतामणराव. कारखाना तपासणाऱ्या अधिकाऱ्याने कारखान्यात आढळलेल्या सट्टेदारांना व त्यांच्या माणसांना कामगार मानून कायद्याप्रमाणे त्यांची नोंद का ठेवली नाही, असा आरोप ठेवला होता. सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, ते कारखान्याचे कामगार नव्हेत. कायद्याच्या शब्दांप्रमाणे हे बरोबरच असेल. पण आठ वर्षांतले हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावे. पहिल्याने घरी बसून विडी वळणाऱ्या म्हातारीचा धंदा करण्याचा हक्क राखला. दुसऱ्याने कारखानदार आणि ती म्हातारी यांच्यामधला सट्टेदार स्वतंत्र व्यापारी ठरविला. मग तिच्या छाट काढलेल्या विड्यांचा जाब तिने कोणाला विचारायचा? ज्या विखुरलेपणामुळे धंदा इतक्या झपाट्याने पसरला, त्याच विखुरलेपणामुळे त्यात राबणाऱ्या बाईला मालक उरला नाही.

याचे उत्तर संसदेने १९६६ साली दिले. विडी व सिगार कामगारांच्या कायद्याने घरी काम करणाऱ्यालाही कामगार मानले आणि मूळ कारखानदारावर जबाबदारी टाकली. कारखानदारांनी तो कायदा न्यायालयात नेला. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १९७६ साली कामगार कल्याणनिधीचा कायदा झाला. पानांचा व्यापार तर मध्यप्रदेश सरकारने १९६४ सालीच स्वतःच्या हाती घेतला होता. महाराष्ट्रानेही १९६९ साली तसाच कायदा केला. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची जी दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. एवढे मिळवायला या बायांना अर्धे शतक लागले. लहान धंद्यांना पोषक परिस्थिती कोणती, याची चर्चा आपण करतो तेव्हा स्वस्त मजुरी हा घटक मोठ्या समाधानाने मांडला जातो. ती मजुरी स्वस्त का राहिली, याची ही हकीकत आहे. आणि तंबाखूने ओढणाऱ्याच्या आणि वळणाऱ्याच्या छातीचे काय केले, हे तर आता डॉक्टरांनी निर्विवादपणे सांगितलेच आहे. जो धंदा घटला म्हणून हळहळावे असा तो धंदा नव्हे. पण त्यात ज्यांचे हात आहेत त्यांना दुसरे काम मिळाल्यावाचून तो घटला, तर हळहळण्यासारखे पुष्कळ उरते.

ग्वारीघाटाकडे परत येऊ. नर्मदेवर जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगीचे धरण १९९० साली पुरे झाले. त्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांतले कित्येक शेतकरी जबलपुरात येऊन सायकलरिक्षा ओढू लागले. शेत गेले, आणि भाड्याच्या तीन चाकांवर त्यांनी नवा धंदा मांडला. कागदोपत्री त्यालाही स्वयंरोजगारच म्हणतात.

छोटी लाइन २०१५ च्या ऑक्टोबरात जबलपूर ते नैनपूर या भागात बंद झाली. रूळ उखडून रुंद मार्ग घालण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालले आणि काही वर्षांनी गोंदियापर्यंत मोठ्या गाड्या सुरू झाल्या. आता जबलपूर आणि गोंदिया हे अंतर पूर्वीच्या मानाने फार लवकर काटले जाते, आणि मुंबई-कलकत्त्याच्या मार्गांना दक्षिणेकडची एक जवळची वाट मिळाली आहे. ग्वारीघाटचे स्थानक नव्या मार्गावरही आहे. परंतु डोक्यावर मोळी किंवा भाजीची पाटी घेऊन चढणाऱ्या माणसाला जी गाडी दर चार कोसांवर थांबून घेत असे, ती आता नाही. मोठी गाडी मोठ्या गावांची असते. लमाणांचे तांडे गेले तेव्हा जे झाले, त्याचाच हा लहानसा अवशेष म्हणावा काय? मला निश्चित सांगता येत नाही. रुंद मार्गावरून उद्या काय नवे चढेल, हे १९०५ साली तरी कोणाला ठाऊक होते?

शहरातून ग्वारीघाटाकडे जाताना एक चौक लागतो. त्याला अजूनही छोटी लाइन फाटक असेच म्हणतात. तेथून पुढे रस्ता नदीकडे उतरतो. संध्याकाळी त्या रस्त्याने डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया घाटाकडे जात असतात. टोपलीत द्रोण एकात एक घालून रचलेले असतात, आणि वर ओले फडके टाकलेले असते, आरतीपर्यंत पाने सुकू नयेत म्हणून.